एकतीस किलोमीटर

किल्ली नको, दोन्या सुल्मा. आज नको.
एकवीस वर्षं उपाशी राहिलेल्याला
कुणी थेट पंगतीत बसवत नाही.

त्यांनी किल्ली एप्रनच्या खिशात टाकली
आणि येर्बाच्या कडू पाल्याचा तुंबा माझ्यापुढे धरला.
म्हणजे भांडण नाही. म्हणजे बस, काम कर.

यी नदीच्या अलीकडे, लोकर ठेवायच्या गोदामात
उभी होती ती, बोर्गवर्ड इसाबेला, सत्तावनची,
ब्रेमेनहून बोटीनं आलेली.
जिचा कारखानाच बुडाला
तिचे सुटे भाग मागायचे कुणाकडे?
रंग एके काळी पिस्त्याचा असावा.
चारी टायर बसलेले,
म्हाताऱ्या बायका उन्हात बसतात तसे,
पुन्हा उठायचंच नाही म्हणून.

एअर फिल्टरमध्ये उंदरीण नांदून गेलेली.
सीटचा काथ्या, थोडी लोकर, फाडलेलं कॅलेंडर;
त्यातला मार्च अजून वाचता येत होता.
सायलेन्सरच्या तोंडाशी गांधीलमाशांचं कोरडं पोळं.
टाकीतून काढलं ते पेट्रोल कसलं,
कपाटाला लावायचं रोगण झालेलं,
तपकिरी, चिकट, डोळ्यांत पाणी आणणारं.
सुल्माबाईंनी वाकून वास घेतला.
"एवारिस्तोलाही एवढा वाईट वास येत नव्हता,"
म्हणाल्या, आणि हसल्या. नवरा जाऊन तेव्हा
पाच महिने झाले होते.

चार प्लग काढले. चार भोकांत
एकेक चमचा तेल, लहान पोराला औषध द्यावं तसं.
रात्रभर मुरू दिलं.
सकाळी पुलीला पाना लावून जोर दिला: ढिम्म.
दुसऱ्या दिवशी: ढिम्म.
मी शिव्या दिल्या, इटालियन आजोबांच्या,
स्पॅनिश कमी पडलं म्हणून.
तिसऱ्या दिवशी पाना हलला.
बोटभर. आत कुठेतरी काहीतरी
दुसऱ्या कशाचातरी हात सोडलं.
ते हाताला कळतं. कानाला नाही.

पॉइंट घासायला कानस शोधत होतो
तर डॅशबोर्डच्या खणात वही सापडली.
एवारिस्तोचं टपोरं अक्षर: तारीख, लिटर, मीटरवरचा आकडा,
दर वेळी, एकही वेळ न चुकता.
शेवटची नोंद, दोन हजार दोन, ऑगस्ट:
८८,४१७. टाकी भरली. आता बंद.
त्या साली बँकाच बंद होत्या,
गाडी कोण चालवणार.

सुल्माबाईंनी वही घेतली, चष्मा शोधला,
मग दार उघडून मीटरवर वाकल्या.
८८,४७९.

मला हिशेब लगेच जमला, पण मी पाना पुसत राहिलो.
त्या ओठांत पुटपुटत होत्या.
"बासष्ट. एकतीस जायचे. एकतीस यायचे."
नदीपलीकडे, एकतीस किलोमीटरवर,
अतिलिओचं शेत. सख्खा भाऊ.
बांधावरून तोंड फिरवलेलं.
"मला सांगायचा, मेलो तरी पाऊल ठेवणार नाही तिथे."

गोदामात बराच वेळ फक्त पत्रा वाजत होता, तापून.

त्या दुपारी नवं पेट्रोल, उसनी बॅटरी.
किल्ली त्यांच्याच हाती दिली.
पहिल्यांदा खोकला.
दुसऱ्यांदा निळ्या धुराचा एक लोट
आणि पोळ्याचे उरलेले तुकडे भिंतीवर.
तिसऱ्यांदा लागली, लंगडत, तीन सिलिंडरांवर,
मग चौथाही आला, उशिरा, तोंड लपवत.
शेजारचा कुत्रा भुंकायचाच विसरला.

मी वाट पाहत होतो की त्या रडतील.
त्यांनी वही मांडीवर घेतली, तारीख घातली,
आकडा लिहिला, पुढे लिहिलं: सुरू.
अक्षर एवारिस्तोपेक्षा बारीक.

"ब्रेक?" इंजिनाच्या वर आवाज चढवून विचारलं.
ब्रेक नाहीत, म्हटलं. नळ्या गंजल्यात. दोन आठवडे तरी.

"अतिलिओ ब्याऐंशीचा आहे, दार्दो."

दहा दिवस, मी म्हटलं.